थानाचं

आत्याची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडण. भांडली ती, मी नुसती उभी होते.

आम्ही भंडाऱ्याकडचे. नवऱ्याला पवनचक्कीवर राखणीचं काम मिळालं, म्हणून दोन पोरी, कपड्यांची बोचकी आणि गॅसची शेगडी घेऊन येरमाळ्याहून आत, माळाखालच्या एका गावात येऊन पडलो. गाव खव्याचं. घरटी म्हशी, गल्लीला भट्टी. पहाटे दूध येतं, कढया चढतात आणि दिवसभर गावाच्या अंगाला करपलेल्या दुधाचा गोड वास येत राहतो. खोली मिळाली ती भट्टीवाल्या आप्पांची, आणि पुढं कामही त्यांच्याच भट्टीवर मिळालं, कढया घासायचं आणि दूध हलवायचं. मी सातवीतून शाळा सोडलेली. परक्या मुलखात कुणी छप्पर दिलं, काम दिलं, तर त्याच्यापुढं वाकायचं, एवढंच मला येत होतं.

नव्या जागेत शिरलं की दूध उतू घालायचं, हे आईनं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं होतं. मी पातेलं ठेवलं, दोन्ही पोरींना हात जोडून शेजारी उभं केलं. दूध वर यायला लागलं तशी मागच्या दारातून एक उंच, काटकुळी म्हातारी आत आली आणि तिनं सरळ गॅस बंद केला.

"हितं दूध उतू घालायचं न्हाय."

"नवीन जागा आहे नं जी..."

"मग पाणी शिपड, साखर उधळ, काय बी कर. तुझी खोली आन माझी चूल, मधी एकच भित हाय. माझ्या भितीला दुधाचा वास नगं. उतू गेलेलंच बघायचं आसंल तर भट्टीवर जा, तिथं रोज जातंय." मग तिची नजर पोरींवर गेली. "ह्यास्नी काय खायला घातलंयस, का नुसतंच उभं केलंयस?"

माझ्या उत्तरासाठी ती थांबलीच नाही. पोरींना घेऊन गेली. मी घाबरत मागं गेले, तर थोरली चुलीपुढं मांडी घालून भाकरीवर करडईचं तेल आणि कारळ्याची चटणी ओढून ओढून खात होती आणि धाकटी भाकरीचा पापुद्रा चोखत होती. माझं पातेलं तसंच राहिलं. त्या घरात आमचं दूध उतू गेलंच नाही.

ती आप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी परतलेली आणि मागच्या दोन खोल्यांत वेगळी चूल मांडलेली. गावची लेक म्हणून सगळ्या गावाची आत्या. मीही आत्याच म्हणायला लागले. भाऊ खव्यातला मोठा माणूस आणि बहीण दुधाचा थेंब न घेणारी. चहा काळा, गुळाचा. पुरणपोळी गुळवणीत बुडवून, वर तूप नाही. लग्नाकार्याला गेली की कनवटीला चटणीची डबी. पंगतीत तूप वाढणारा आला की ती ताटावर दोन्ही हात आडवे धरायची. एकदा एका पोरानं गंमत म्हणून तिच्या हातांच्या फटीतून तुपाची धार सोडली. सगळी पंगत हसली. आत्या उठली, ताट उचललं, त्या पोराच्या बापापुढं ठेवलं आणि म्हणाली, "तुझ्या पोरानं उष्टं केलंय. खा." आणि उपाशी घरी आली. सत्यनारायणाच्या तीर्थाला हात पुढं करायची नाही. पुजारी म्हणाला, "आत्या, देवाचं आहे." तर म्हणे, "देवाला सांगा, माझ्या वाटचं तुमीच घ्या. मी रागावणार न्हाय."

गावाला हे सगळं हसण्यावारी न्यायची सवय होती. मला त्या हसण्याचा अजून राग येतो. खुळ्या बैलाला बघून हसावं तसं ते हसणं होतं. आप्पांचा धाकटा मुलगा पुण्याला नोकरीला, तो सुट्टीला आला की मोबाइल पुढं धरून तिला बोलतं करायचा.

"आत्या, तुला माहितीय का, तू व्हीगन आहेस!"

"कोण गण?"

"व्हीगन. दूध, तूप काहीच न खाणारे. पुण्यात असल्यांची वेगळी हॉटेलं आहेत."

"मी कुठल्या गणातली बिनातली न्हाय. मनुष्यगण हाय माझा, पत्रिकेत लिवलंय."

"राक्षसगण हाय तुझा, आक्का," आप्पा आतून ओरडले. "बामणानं घाबरून मनुष्य लिवला."

तेव्हा मीही हसले होते. आत्याही हसली होती. ती काही देवमाणूस नव्हती. तोंड फाटकं होतं, पोरींना शिव्या द्यायची, माझ्या हातची भाकरी बघून "ही भाकरी हाय का चपलेचा तळ?" म्हणायची. पण कधी कुणाच्या ताटातलं दूध तिनं काढलं नाही. मी नगं म्हणती, तुमी खावा, एवढंच तिचं म्हणणं.

कारण मी विचारलं ते शेंगा फोडताना. तिनं शेंगा फोडायचं न थांबवता सांगितलं.

"ल्हान होते. आमच्या म्हशीला रेडा झाला. रेडा म्हंजी काय कामाचा? त्याला पाजलं तर कढईला काय उरंल? मेला. बापानं त्याचं कातडं काढून आत कडबा भरला, काठ्यांचं पाय केलं आन म्हशीम्होरं उभं केलं. म्हैस त्याला चाटायची. चाटून चाटून पान्हा सोडायची. आन बाप खाली बसून धार काढायचा. सांच्याला पेला माझ्याम्होरं आला. मी तोंड फिरवलं."

"मारलं असेल नं जी?"

"लई मारलं. पर पेला काय प्याले न्हाय."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही काय? लोक हसले नसते."

"समद्यास्नी ठावं हाय की. समद्यांच्याच गोठ्यात हुतं तसलं. त्याचं कुणाला नवल न्हाय, बाई. नवल माझंच."

आम्ही आलो त्याच वर्षी धाकटीचं सुरू झालं. भट्टीवर जायचं म्हणून मी तिला अंगावरचं तोडलं आणि म्हशीचं दूध लावलं. अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे, उलट्या व्हायच्या. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं उष्णता. शेवटी बार्शीच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं, हिला दूध चालत नाही. दूध आणि दुधाचं काहीच नाही, कणभरही नाही. मोठेपणी जाईल कदाचित, कदाचित नाही जाणार. तोवर चुकलात तर श्वास अडकू शकतो. त्यांनी काय काय खाऊ घालायचं ते समजावलं, औषधाचे थेंब दिले. एसटीत मी रडत आले. खव्याच्या गावात राहायचं, खव्याच्या भट्टीवर पोट, आणि लेकराला दूध म्हणजे विष.

सासू फोनवर म्हणाली, "दुधाबिना लेकरू कसं वाढंल? डॉक्टरीन खुळी हाये." नवरा म्हणाला, "थोडं थोडं देऊन सवय करू."

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "मग रडायलीस कशाला? म्या जगलेच की इतकी वरसं. आन हिला तर डॉक्टरीन बी हाय. ये हिकडं."

तिथून माझी शाळा सुरू झाली. मला पहाटे भट्टीवर पळायचं, नवऱ्याची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, थोरलीची शाळा. आत्या म्हणायची, सकाळचं सकाळी करायला बसलीस तर मेलीस. रात्री शेंगदाणे भिजत घालायचे. सकाळी थोरलीला त्याची सालं काढायला बसवायची, "तेवढाच येळ ती गप बसती." मग मिक्सरवर वाटायचं, फडक्यातून पिळायचं, गूळ आणि चिमटीभर सुंठ घालून उकळायचं. उरलेला चोथा टाकायचा नाही, ज्वारीच्या पिठात मळायचा, तांदुळज्याची भाजी चिरून घालायची, धपाटी थापायची, तोच शाळेचा डबा. कढीला ताक लागतं असं मला वाटायचं. ती चिंचेचा कोळ आणि बेसन कालवून लसणाची अशी फोडणी द्यायची की थोरली वाटी चाटायची. संध्याकाळी दमून आलं की हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, त्याला चुलीजवळ उभंसुद्धा राहावं लागत नाही. तिळाचे लाडू डब्यात कायम.

सगळंच जमायचं असं नाही. सगळा मुलूख सोयाबीन पिकवतो आणि पोती बाजारात नेतो, घरात कुणी खात नाही. आत्याच्या डोक्यात आलं, ह्याचंही दूध होईल. झालं. थोरलीनं पेला तोंडाला लावला आणि म्हणाली, "आत्या, याला गोठ्याचा वास येतो." आत्यानं स्वतः चाखलं, थुंकली, पातेलं उकिरड्यावर पालथं केलं आणि दिवसभर सोयाबीनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

औषधाच्या थेंबांवर मात्र तिचा कडक पहारा. "मी म्हातारी हाय, मला काय बी चालतंय. ती वाढायची हाय. थेंब चुकवलास तर तुला चुलीत घालीन." धाकटी अंगानं भरली. गांधी गेल्या. पुरणाची पोळी गुळवणीत बुडवून खायला लागली.

आता घरातलं जमलं तरी गल्लीचं काय? तिथं सगळ्यांचा जीव माझ्या पोरीवर. आणि जीव लावायचा म्हणजे तोंडात काहीतरी घालायचं. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, धाकटीला दूध देऊ नका जी. "न्हाय देत," सगळ्या म्हणाल्या. आठवड्यात शेजारणीनं दहीभात भरवला.

"दूध कुठं दिलंय? दही हाय. दही थंड आसतंय लेकराला."

त्यांच्या लेखी दूध म्हणजे पेल्यातलं दूध. दही ते दही, ताक ते ताक. एकदा नाव बदललं की वस्तू बदलली. आत्या कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उभी राहिली. "दही काय आभाळातनं पडतंय व्हय गं? ध्यानात ठिवा. पांढरं काय बी द्यायचं न्हाय. पांढरं!"

दुसऱ्याच दिवशी आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, धाकटीच्या पुढचा भात उचलून नेला. पांढरा म्हणून. आणि त्याच आठवड्यात भट्टीवरच्या एका गड्यानं कढईची खरवड तिच्या हातावर ठेवली. ती बोट तोंडात घालणार तेवढ्यात मी झडप घातली. तो बिचारा गोंधळला. "वहिनी, पांढरं कुठंय? तांबूस हाय की."

आत्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "म्हशीचं. म्हशीच्या पोटातनं आलेलं काय बी न्हाय. आता तरी कळंल का?"

कळलं. सगळ्यांना नीट कळलं. म्हणूनच पुढचं झालं.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात असतं. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप, छोटी खोपटी, करतात, पूजा होते, आणि मग बाजरीचे उंडे, शेंगा-भाज्यांची भज्जी, गव्हाची खीर आणि घागरभर आंबिल. ज्वारीचं पीठ आंबवून ताकात शिजवतात, गार करतात. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बोलावतात, आणि दिलेली आंबिल नको म्हणायची नसते. आत्यानं आमच्यासाठी वेगळं मडकं केलं होतं, नुसत्या पाण्यात आंबवलेलं. आम्ही आप्पांच्या शेतात बसलो होतो. आत्या शेजारच्या बांधावर कुणाशी तरी भांडायला गेली होती.

काकूंनी धाकटीला मांडीवर घेतलं आणि पेला तिच्या तोंडाला लावला. मी म्हणाले, "काकू, त्यात ताक आहे नं जी." त्यांनी अशा मायेनं माझ्याकडं बघितलं. "आगं, म्हशीचं न्हाय. हिच्यासाठी मुद्दाम गाईचं ताक मागून आणलंय. वेगळी चरवी केलीया. तुझ्या लेकराला आमच्या शेतात उपाशी ठिवीन का मी?"

मी पेला ओढला तोवर धाकटीनं दोन घोट घेतले होते. ओठ सुजले, डोळे मिटले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. नवरा आणि मी मोटारसायकलवर, मधे ती. येरमाळ्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, मग गाडी करून बार्शीला. वाचली. मला रस्ता आठवत नाही. तो आवाज आठवतो, आणि तो थांबेल की काय ही भीती.

परत आलो तर गावात वेगळंच. काकू रडत होत्या, आणि सगळ्या बायका काकूंची समजूत काढत होत्या. "येवढं मायेनं केलं, आन काय नशिबी आलं बिचारीच्या." माझ्या पोरीची चौकशी त्यांच्यानंतर. एक म्हणाली, "आत्याच्या नादानं पोरगी कच्ची झाली. पयल्यापासनं पाजलं आसतं तर पचलं आसतं." आणि मी, जिच्या लेकराचा श्वास अडकला होता, मी काकूंपुढं म्हणाले, असू द्या जी, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं.

आत्यानं ते ऐकलं. ती निघाली आणि सरळ मारुतीच्या पारावर गेली. संध्याकाळची वेळ, पार माणसांनी भरलेला, आप्पा मधोमध. बायका तिकडून जाताना पदर सावरून, बाजूनं जातात. आत्या पारापुढं उभी राहिली.

"ऐका रं समदे. त्या पोरीला गाईचं द्यायचं न्हाय, म्हशीचं न्हाय, शेळीचं न्हाय, मेंढीचं न्हाय. थानातनं आलेलं काय बी द्यायचं न्हाय. थानाचं! कळलं का? तिच्या आईचं सोडून कुणाच्या थानाचं काय बी न्हाय!"

माणसं जमिनीकडं बघायला लागली. कुणाला तरी खोकला आला.

"आक्का, गप," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले. "माणसं बसल्यात."

"माणसं बसल्यात म्हणूनच म्हणायली. बायास्नी सांगून दमले. घरात जाऊन आपापल्या बायास्नी सांगा. म्हणा, थानाचं. म्हणून बघा की एकदा! जीभ झडती का?"

कुणी म्हणालं नाही. पण त्या एका शब्दानं जे केलं ते हात जोडून झालं नव्हतं. त्यानंतर माझ्या पोरीपुढं कुणी काही धरलं की शेजारचा कुणीतरी खाकरायचा आणि देणारा हात मागं घ्यायचा. ताक, तूप, खवा, पेढा, चीक, सगळं त्या एका शब्दात आलं होतं, आणि तो शब्द कुणालाच तोंडावर आणायचा नव्हता. मायेनं जिथं कान बंद केले होते, तिथं लाजेनं उघडले. नवऱ्याला मात्र चारचौघांत खाली बघावं लागलं. "तुझी ती म्हातारी," म्हणाला, "आपल्याला इथं राहू देणार नाही."

गोष्ट गावाबाहेर गेली होती. एवढी की एका व्यापाऱ्यानं आप्पांचा माल थांबवला. त्याच्या कानावर गेलं ते असं, की आप्पांच्या घरचं दूध पिऊन एक पोर मरता मरता वाचलं, दुधात काहीतरी कालवलेलं असणार. आता आप्पांचं दूध चोख होतं. सगळी गल्ली तेच दूध प्यायची. आप्पांना ही बदनामी लागली, त्यात खोटं काही नाही. पण त्यांनी तोडगा काढला तो माझ्या जिवावर. मला बोलावून म्हणाले, "उद्या व्यापारी येणार हाय. त्येच्याम्होरं सांगायचं, पोरीनं हरभऱ्याचं ढाळं लई खाल्लं, त्यानं आजारी पडली. दुधाचं नाव काढायचं न्हाय. खोली तुमची हाय, काम तुमचं हाय. आमी काय परकं समजतो का तुमास्नी?"

"हो जी," मी म्हणाले.

दुपारी भट्टीवर माणसं जमली. पुण्याचा मुलगा सुट्टीला आलेला, मोबाइल घेऊन उभा. व्यापारी खाटेवर बसला. मी शिकवलेलं बोलले, ढाळे खाल्ले म्हणाले. धाकटी माझ्या कडेवर. व्यापारी सावकाश माणूस, त्यानं तिच्या गालाला हात लावला.

"आता बरी हाय ना? मग आता दूध पचतंय म्हणा की."

आप्पांनी एक पेढा उचलला. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, असं मला नंतर दहाजणांनी सांगितलं. नसेल. आपला धंदा वाचवायचा होता, आणि समोर एक लहान पोरगी होती, तिचा बाप राखणदार आणि आई कढया घासणारी. "आ कर गं बाळा," ते म्हणाले. "एवढासा तुकडा. काय होत न्हाय."

नको जी, मी म्हणाले. भट्टीच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही. मी मागं सरकले तर मागं माणसं. धाकटीनं तोंड उघडलं. लेकराला काय, गोड दिसलं.

आत्या कुठून आली कोण जाणे. ती भट्टीच्या उंबऱ्याच्या आत कधी येत नसे. तिनं आप्पांचं मनगट धरलं, त्यांच्या बोटांतला पेढा काढून घेतला आणि अख्खा आपल्या तोंडात टाकला.

ती चावत होती. घाई न करता, व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघत, शेवटपर्यंत चावला आणि गिळला.

"झालं?" ती म्हणाली. "चोख हाय. माझ्या भावाच्या दुधात कायबी कालवलेलं न्हाय. जलम गेला तोंडाला लावलं न्हाय, आता लावलंय आन सांगते. ने तुझा माल. पोरीला दूध चालत न्हाय म्हणून ती आजारी पडली, ढाळं बिळं काय न्हाय. तिची आई तुमच्या भ्यानं खोटं बोलली. आन आता हिच्या तोंडापाशी कुणाचा हात आला, तर मी तो चुलीत घालीन. तुझा बी, आप्पा."

व्यापाऱ्यानं हात जोडले. माल त्याच दिवशी गेला.

आणि मग ते हसायला लागले. माझा राग इथून सुरू होतो आणि अजून संपलेला नाही. तिनं काय केलं ते कुणाला दिसलंच नाही. त्यांना दिसलं, आत्यानं पेढा खाल्ला. "आली की न्हाय शेवटी वळणावर!" "आत्या बाटली, आता पंगतीत तूप वाढा." पुण्याच्या मुलानं तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला, खाली हसणारी तोंडं आणि "आत्याचा उपास सुटला." काकूंनी गल्लीत पेढे वाटले. बापाच्या माराला जी बधली नाही तिचं तोंड माझ्या लेकरासाठी विटाळलं, आणि गाव त्याची गंमत सांगत होतं. मी तिथं आणखी वर्षभर राहिले, त्यांच्याच कढया घासल्या, त्यांनी छप्पर दिलं हेही खोटं नाही. आता नवऱ्याची बदली गुजरातेत झालीय. इथंही पवनचक्क्या, इथंही परकी भाषा. धाकटी शाळेत जाते, दूध तिला अजून चालत नाही. मधे त्या गावातलं कुणी फोनवर भेटलं, तर पहिली आठवण तीच काढतं: आत्यानं पेढा खाल्ला तेव्हा किती मजा आली होती ना!

त्यांनी भट्टीवरचं बघितलं. मागच्या अंगणातलं मी बघितलं.

मी तिच्या मागं धावले तेव्हा ती न्हाणीपाशी उकिडवी बसून चुलीतली राख जिभेला घासत होती. चूळ भरायची, थुंकायची, परत राख. मी तांब्यानं पाणी ओतत होते. तिच्या हनुवटीवरून काळं पाणी गळत होतं.

"माझ्यामुळं झालं नं जी," मी म्हणाले.

"गप. जी जी करू नगस. पाणी वत."

मी ओतलं. तिनं चूळ भरली आणि मधेच थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, मळमळतंय. पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला आणि मूठ दगडावर आपटली, एकदा, परत एकदा.

"काय होतंय, आत्या?"

"गोड हाय गं," ती म्हणाली. "लई गोड केलाय मुडद्यानं."

आणि तिनं पुन्हा राखेत बोट घातलं.